वेंडेलची बोटं

माझा भाऊ वेंडेल नेब्रास्कातल्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळायचा, पुढच्या रांगेत. चेंडू सुटण्याआधी एक हात जमिनीला टेकायचा. मुसंडी मारायची असली की भार बोटांवर येऊन ती पांढरी पडायची, आणि त्यावरून समोरचा खेळाडू आमचा डाव ओळखायचा. ही खोड काही जाईना. त्यापायी पुढे एका व्यावसायिक संघानं पहिल्याच मोसमात त्याला घरी धाडलं. मग जेवताना काटा धरला तरी हा बोटांकडेच बघायचा, वेडा कुठला!

आता तो कोच आहे. दिवसभर खेळाडूंवर खेकसतो, "भार मागे घे, गाढवा! बोटं दिसतायत!"

परवा अंतिम सामन्याआधी तो कठडा धरून उभा होता. त्याचा सगळ्यात दांडगा खेळाडू ओटिस हसला, "कोच, आज मुसंडी तुम्हीच मारताय वाटतं? बोटं बघा की!"

वेंडेलनं हात खिशात घातले.