गरजू दिसेल असा फोटो

आमच्या बौद्ध वस्तीत बी.ए. झालेली पहिली मी. त्यामुळे कुणाचाही सरकारी-बिनसरकारी कागद आधी माझ्या ओट्यावर येतो, आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

कोरोनाच्या पहिल्या वर्षी एका संस्थेने अडचणीतल्या मुलींना मोबाईल आणि कॉलेजचा खर्च द्यायचं ठरवलं. शेजारच्या मावशीची मुलगी दहावी पास झाली होती. मावशीचा नवरा आधीच गेलेला, आणि हिंगोलीच्या बाजारातलं हळद निवडायचं काम बंद पडलेलं. अकरावीचे तास मोबाईलवर, घरात मात्र बटणांचा फोन. मदत मिळाली तर शिक्षण. नाहीतर कळमनुरीकडचं एक स्थळ मामाने आणूनच ठेवलं होतं.

फॉर्म मी भरला. सोबत मुलीचा फोटो हवा होता. आमच्यात फोटो काढायचा तर माणूस धुतलेलं, इस्त्रीचं घालतो. आमच्या आज्यांनी मळकं-फाटकं अंगावरून टाकलं, ते काही हौस म्हणून नव्हे. मी तिला माझा निळा ड्रेस दिला, वेणी घातली, आमच्या रंगवलेल्या दारापुढे उभं केलं.

"मान वर कर," म्हटलं.

"काहून ताई, पाहुणे बघाया येऊन राहिले का?" ती हसली.

दोन दिवसांनी संस्थेच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, ही मुलगी गरजू वाटत नाही. घरात बसवा, रोजच्या कपड्यात. जरा परिस्थिती दिसली पाहिजे. आम्हालाही वर दाखवावं लागतं."

"परिस्थिती फॉर्मात लिहिलीय. वाचता येतं ना?" मी म्हणाले आणि फोन कट केला. मग दिवसभर हे वाक्य वस्तीभर सांगत फिरले.

संध्याकाळी मावशी आली. "काहून भांडलीस गं?"

"मग? पोरीला भिकारीण करून दाखवायचं व्हय?"

"दाखवायचं की! फाटकं न्हाई का माझ्या घरात? तुझं शिकून झालं, बाई. तुला राग परवडतो."

सकाळी पुन्हा फोटो काढला. गळक्या पत्र्याखाली, उसवलेल्या कुर्त्यात. मान खाली घाल, हेही मीच सांगितलं. ती हसली नाही. फोटो पाठवला तर उत्तर आलं, यादी कालच वर गेली, पुढच्या वेळी बघू.

पुढची वेळ आली नाही. यादीतल्या मुलींचे फोटो मात्र आले. हातात मोबाईलचा खोका, मागे संस्थेचा बॅनर, आणि एकीचीही मान वर नाही. मी ते बारीक नजरेने पाहिले.

मामाने स्थळ पक्कं केलं. पोरगी सोळाची होती. असलं लग्न कुठे कळवायचं, तो नंबर मला पाठ होता. कळवलं नाही. लग्न मोडून तिच्या हातात काय देणार होते मी?

लग्नाला मला बोलावणं नव्हतं. "पन्नासच माणसांची परवानगी होती," मावशी नंतर म्हणाली. आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे.