आईच्या फोटोपुढचा बल्ब

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितेय.

आई गेल्यापासून तिच्या फोटोपुढे छोटा लाल बल्ब कायम चालू असतो. आज सकाळीही चालू होता. मी कुलूप लावून बाजारात गेले. घरात फक्त आमचा कुत्रा, राजा.

परत आले तर बल्बची वायर कुरतडून तिचे तुकडे केलेले! राजा मात्र फोटोकडे बघत शेपूट हलवत बसलेला. शॉक कसा लागला नाही? बघते तर भिंतीवरचं बटण बंद. लाईट गेली नव्हती, पंखा फिरत होता.

शेजारच्या विमलकाकू सहज म्हणाल्या, "तुज्या आईला दिवसा लाईट चालायची न्हाय की. दिसली की बंद करायची."

नवी वायर जोडू का, सांगा. आणि जोडली, तर बटण कोण बंद करतं ते बघायला घरी थांबू का?