लॉरीचा दगड कुणी काढला?

आता वकिलाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. नाहीतर हा किस्सा मी आपणहून कुणाला सांगत नाही. सांगायची गरजही पडत नाही म्हणा, पोलादपुरात अर्ध्या लोकांना तो माझ्यापेक्षा बरा सांगता येतो.

माणूस वकील कशासाठी करतो? आपण खरे आणि आपण शहाणे, हे जगाला पटवून द्यायला. बरोबर? मी फी मोजून नेमकं उलटं पटवून घेतलं. कसं ते ऐका.

आमच्या घरचा धंदा बैलगाड्यांचा. भात, कोळसा, हिरडा, जे मिळेल ते महाडला नेऊन टाकायचं. मला कुठनं दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, बैल विकले, गाड्या विकल्या आणि एक जुनी लॉरी घेतली. आमच्या हिनं तेव्हाच सांगितलं होतं, "अहो, बैल निदान आपल्याआपण मागं तरी जात नाहीत." आता हिची जीभ काळी आहे हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं, पण ऐकतो कोण? सगळं घर त्या एका लॉरीवर बसलं. ती चालली तर चूल पेटणार, नाहीतर नाही.

महाडच्या एका एजंटानं लॉरीचा विमाही गळ्यात मारला. मी म्हटलं, असू दे. देवीला नारळ देतो तसा कंपनीलाही एक.

ड्रायव्हर होता हसन. महाडचाच, पक्का माणूस. लॉरीवर त्याचा जीव माझ्यापेक्षा जास्त. मी मात्र प्रत्येक खेपेला त्याच्या शेजारी बसून जायचो. का? मालक ना मी! हसनला ते आवडायचं नाही, पण बोलायचा नाही बिचारा.

तर त्या दिवशी भाताची पोती भरून आम्ही खेडला निघालो. कशेडीचा घाट लागला. घाटात वर देवीचं ठाणं आहे, आणि चढणारी प्रत्येक गाडी तिथं थांबते. नारळ फोडल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा रिवाज. इंजिनही एव्हाना तापून फुसफुसत होतं. हसननं लॉरी चढावरच उभी केली आणि डबा घेऊन झऱ्यावर पाणी आणायला गेला. मी नारळ घेऊन देवीपुढं.

नारळ फोडायला दगड हवा. इकडं बघतो, तिकडं बघतो, धड दगड दिसेना. मग रस्त्याच्या कडेला दिसला एक. काळा, तिकोनी, आणि त्याला शेंदूर लागलेला! म्हटलं, हा देवीचाच दगड, कुणीतरी इकडं आणून टाकलेला दिसतो. भक्तिभावानं उचलला, कपाळाला लावला, देवीपुढं ठेवला आणि त्याच्यावर नारळ फोडला. मग हात जोडून डोळे मिटले आणि म्हटलं, माये, माझ्या लॉरीला सांभाळ.

डोळे उघडतो तर देवी जागेवर, मी जागेवर, नारळाची दोन्ही भकलं जागेवर. लॉरी तेवढी नाही!

मागच्या वळणावरनं आवाज आला. लॉरी उलटी घरंगळत जाऊन दरडीखाली करवंदीच्या जाळीत पडलेली, चाकं आकाशाकडं. सुदैवानं आत कोण नव्हतं, वाटेत कोण नव्हतं. हसन डबा टाकून धावत आला. एकच बोलत राहिला, "शेट, मी चाकाला दगड लावला व्हता. आईची आन, लावला व्हता."

तुमच्यापैकी कुणाच्या काही लक्षात आलं असेल, तर कृपा करून गप्प बसा. माझ्या तेव्हा आलेलं नव्हतं.

विमा कंपनीनं हात झटकले. त्यांचं म्हणणं, चाकाला दगड होता तर गाडी गेली कशी? आणि दगड गेला कुठं? सरळ आरोप केला की जुनी गाडी तुम्हीच मुद्दाम ढकलून दिलीत. माझा संताप संताप झाला. नुकसान झालं ते झालं, वर आम्ही लबाड? मी सकाळची यष्टी पकडली आणि महाडला जाऊन दातार वकिलांच्या ओटीवर बसलो.

दातार वकील म्हणजे बुद्धीचा माणूस. डोळ्यांवर चष्मा, नाकात तपकीर, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता छताकडं बघायची सवय. माझी हकीकत ऐकली, हसनची ऐकली आणि छताला म्हणाले, "भाऊशेट, तुमच्या ड्रायव्हरनं दगड लावला. तो आपणहून चालत गेला नाही. म्हणजे कुणीतरी काढला. म्हणजे तुम्हाला शत्रू आहे."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शत्रू असायला माणूस थोडा मोठा असावा लागतो. मी परत येऊन बाजारात, हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानात, जिथं जाईन तिथं हेच सांगितलं. मला शत्रू आहे, माझी भरभराट त्याला बघवत नाही. लोकही मान डोलवायचे. बाजारात माझ्याशिवाय लॉरी असलेला एकच माणूस, बाबूशेट. तो समोरून आला की मी उगाच खाकरायचो. चांगला माणूस, पण खाकरायचो.

वकिलांनी कंपनीशी असा काही पत्रव्यवहार केला की शेवटी मुंबईहून त्यांचा साहेब जागा बघायला यायचं ठरलं. वकिलांनी मला बजावलं, "साहेबांपुढं तुम्ही तोंड उघडायचं नाही. जे बोलायचं ते मी बोलेन." मी म्हटलं, देवाशपथ नाही उघडणार.

पण मी त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. मी आमच्या गावच्या गुरवालाही बोलावून ठेवलं होतं. म्हटलं, खालच्या कोर्टाला वकील, वरच्या कोर्टाला गुरव. साहेबासमोरच देवीला गाऱ्हाणं घालायचं. ज्यानं दगड काढला त्याचं देवी बघून घेईल, आणि साहेबालाही कळेल की हा माणूस खरा आहे. लबाड माणूस देवीपुढं असं उभं राहायची छाती करील का?

झालं. ठरल्या दिवशी घाटात साहेब आला, कोटात घामानं भिजलेला. वकील आले. हसन आला. पाठोपाठ गुरव आला कोंबडा घेऊन. कोंबडा बघून वकिलांनी पहिल्यांदा छत सोडून माझ्याकडं बघितलं. घाटात छत नव्हतं हेही खरं.

वकिलांनी शत्रूची बाजू तासभर मांडली. काय बोलले! मला स्वतःला त्या शत्रूची भीती वाटायला लागली. साहेब नुसता हूं हूं करीत होता. मग मी गुरवाला खूण केली.

गुरवानं हात जोडून सुरुवात केली. "बा देवी म्हाराजा! आज तुझ्या लेकरानं गाऱ्हाणं घातलंय. ज्या कुनी ह्याच्या लॉरीचा दगड काढला आसंल..."

"होय म्हाराजा!" मी ओरडलो. आता हे काही तोंड उघडणं नव्हे. गाऱ्हाण्याला होय म्हणावंच लागतं.

"त्याला चार मानसांत उघडा पाड..."

"होय म्हाराजा!"

"त्याला बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवू नको..."

"होय म्हाराजा! आणि उशीर नको!" हे शेवटचं मी माझ्या पदरचं घातलं.

गाऱ्हाणं झालं. आता नारळ. गुरव दगड शोधायला लागला तसा मी पुढं झालो. म्हटलं, शोधता कशाला, त्या दिवशी मीच देवीचा एक दगड रस्त्यावरनं उचलून इथं आणून ठेवलाय. बघतो तर काय, दगडाची चांदी झालेली! येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांनी त्याला हळद, कुंकू, फुलं, सगळं वाहिलेलं. मी मोठ्या अभिमानानं साहेबाला दाखवला.

हसन इतका वेळ रस्त्यावरच अदबीनं उभा होता. तो दोन पावलं पुढं आला. वाकून दगडाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत दगडाकडं.

"शेट," तो हळूच म्हणाला, "ह्यो माझा दगड हाय."

"तुझा कसा असेल रे? शेंदूर लागलाय त्याला."

"शेंदूर नाय शेट. लॉरीवर नाव रंगवलं तवा सांडलेला रंग हाय त्यो."

वकिलांनी चष्मा काढला. गुरवानं हात जोडलेलेच ठेवले, कारण पुढं काय करायचं असतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. इतक्या तातडीनं पावलेली देवी मी आजतागायत पाहिली नाही.

लॉरी गेली, विमा गेला, घरी जाऊन हिला काय सांगू? आणि वर शाप! मी गुरवाला बाजूला घेऊन म्हटलं, बाबा रे, ते गाऱ्हाणं मागं घेता येतं का? तो म्हणाला, "येतं की. पन त्याला निराळा कोंबडा लागंल."

तेवढ्यात साहेब पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "दातारसाहेब, शत्रूचं काम असतं तर मी शत्रू सापडेपर्यंत एक पैसा दिला नसता. मुद्दाम ढकलली असती तर मुळीच नाही. पण मालकाच्या निव्वळ बावळटपणानं अपघात झाला असेल, तर आमच्या पॉलिसीत त्याला कुठं मनाई नाही. मात्र हा बावळटपणा खरा आहे, सोंग नाही, हे मला पटायला हवं."

तुम्हाला सांगतो, वकील म्हणजे काय चीज असते ते मी त्या क्षणी बघितलं. तासभर शत्रू शत्रू करणारा माणूस, चष्मा परत नाकावर चढेपर्यंत बदलला.

"तेच तर मी म्हणतोय," दातार म्हणाले. "माझे अशील अत्यंत बावळट आहेत. तुम्ही पुरावा मागाल तेवढा देतो."

आणि दिला हो! पोलादपुरात परत आल्यावर साहेबाला हॉटेलात चहाला बसवलं आणि वकिलांनी दारात उभं राहून विचारलं, भाऊशेट मंदबुद्धी आहेत असं साहेबांपुढं कोण सांगेल? मला वाटलं, एखाददुसरा धीटपणा करील. अहो, हॉटेलात बसायला जागा उरली नाही! न्हावी दुकान उघडं टाकून आला. ज्या आमच्या चुलत्यानं वाटणीपासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं, तोसुद्धा माझ्या भल्यासाठी काठी टेकत आला. मी एकदा आपल्याच लग्नाची तिथी विसरून महाडच्या बाजाराला गेलो होतो, ते त्यानं इतकं रंगवून सांगितलं की साहेबानं दुसरा चहा मागवला. हसनला विचारलं तर तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "शेट मनानं लय चांगले हायत." साहेबानं तेही पुराव्यात धरलं.

सगळ्यात शेवटी बाबूशेट आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या भल्या माणसानं साहेबाला शपथेवर सांगितलं की भाऊशेटसारखा बावळट माणूस घाटाखाली दुसरा नाही, याच्या लॉरीला नुकसानभरपाई मिळालीच पाहिजे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून त्याचे हात धरले. मी मध्ये काहीतरी बोलायला गेलो तर वकिलांनी मला दटावलं, "गप्प बसा, चुकून शहाण्यासारखं काही बोललात तर केस जाईल."

केस गेली नाही. भरपाई पूर्ण मिळाली, लॉरी दुरुस्त झाली, चूल पेटली. दातार वकिलांनी फी घेताना पेढाही खाल्ला. मी विचारलं, "वकीलसाहेब, अवघड गेली का हो केस?" ते छताकडं बघत म्हणाले, "छे! एवढी सोपी केस मी आयुष्यात लढलो नाही."

पुढच्या वर्षी मी विम्याचा हप्ता भरायला गेलो. एजंट जरा चाचरला. म्हणाला, कंपनी विमा द्यायला तयार आहे, पण साहेबांनी एक अट घातली आहे. गाडीत ड्रायव्हर चालेल, हमाल चालेल, उतारू बसवले तरी एक वेळ समजून घेऊ. मालक मात्र गाडीच्या आसपास दिसता कामा नये.

तेव्हापासून लॉरी हसन नेतो. मी पाठोपाठ यष्टीनं जातो, आणि ती देवीपाशी थांबली की कंडक्टर मला खाली उतरू देत नाही.