न पाहिलेला ताप

तोंडात थर्मामीटर होतं, म्हणून मले बोलता आलं नाही. नाहीतर मी काय बोलली असती, हे आजही मले सांगता येत नाही.

पांढुर्ण्यातला एक दवाखाना. डॉक्टरच्या टेबलाजवळ स्टुलावर मी बसली होती. अंगावर काकूची शाल. काकू म्हणजे माही घरमालकीण. तीच मले दंडाले धरून इथपर्यंत घेऊन आली होती. ताप असा चढला होता का समोरची भिंत हालून राहिली होती. दाराबाहेर ओटा होता, भर उन्हात. त्या ओट्यावर एक म्हातारी खोकत बसली होती. तिनं दारातून डोकावलं, मले निरखून पाह्यलं अन् तोंडभर हसली.

"जयभीम बाई! रामाकोन्याच्या दौलतची पोरगी नोहे काय तू?"

माहे हात जुळले. मी जुळवले नाहीत, ते आपोआप जुळले. आमच्या मोहल्ल्यात समोरच्यानं जयभीम म्हटलं अन् आपण गप बसलो, असं होतच नाही. भांडण असो, मयत असो, अंगात ताप असो. तोंड बंद होतं, मंग हातांनी केलं.

डॉक्टरनं ते हात पाह्यले. काकूनं पाह्यले. बाकावर नंबर लावून बसलेल्या बायांनी पाह्यले, अन् एकीनं आपला पदर सावरून घेतला.

डॉक्टर पुढं झाला अन् त्यानं थर्मामीटर ओढून काढलं. माह्या दातावर खट्टकन लागलं. मले वाटलं, आता उजेडात धरून पाहीन. नाही. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकून दिलं. मंग साबणानं हात धुतले, बोटाबोटाच्या मधातून. अन् काकूले म्हणाला, मले नाही, "ताई, पहले सांगायचं ना."

किती ताप होता मले? त्यानं पाह्यलंच नाही.

मी त्या साली बी.ए.च्या पहिल्या वर्षाले होती. माहा बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात कामाले. मॅट्रिकच्या पुढं गेलेली आमच्या मोहल्ल्यातली मी पहिली पोरगी. बाबानं मले रामाकोन्याहून सौसरले, तिथून बसमधे बसवून पांढुर्ण्याले आणलं अन् खोली पाहून दिली. घरमालकानं आडनाव विचारलं, बाबानं सांगितलं. आमचं आडनाव वरच्या लोकांतही चालते. घरमालक खुश झाला. "म्हणजे आपल्यातलेच." बाबानं भाडं मोजून दिलं. जाताना फक्त मले म्हणाला, "शिकाले आली हायेस, माय. कोनी विचारन त सांगजो. विचारल्याबिगर सांगू नोको."

कोणी विचारलंच नाही.

घरून निघताना आईनं बुद्धाची तसबीर दिली होती. ती ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत तशीच राह्यली. भिंतीवर खिळा होता, आयता ठोकलेला. रोज त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत मी जेवत जाई. संध्याकाळी आमच्या विहारात वंदना चालू असन, बाया गोळा झाल्या असतील, हे डोळ्यांपुढं येई अन् घास तोंडात फिरे. कॉलेजच्या पोरी बोलत, हसत, पण मी दोन शब्द बोलली की तिसरा गिळून टाके. न जाणो काय निघून जाईन तोंडातून. सगळ्या गावात एकही माणूस नाही ज्याले जयभीम म्हणावं. तोंडाले बुरशी चढल्यासारखं झालं होतं.

पोळा झाला, जाम नदीवर पांढुर्णा अन् सावरगावची दगडफेकीची गोटमार झाली, अन् त्यानंतर मी तापानं पडली. हिव भरून ताप. दात वाजत, मंग अंग भट्टीसारखं. मडक्यातलं पाणी सरलं तरी उठवेना. घरी असती त आईनं कपाळावर ओली पट्टी ठेवली असती, शेजारची कोणी पेज घेऊन आली असती, बाबा दारात बसून बिडी ओढत राह्यला असता. इथं छताकडे पाहत पडून राह्यची. रडाले आलं त रडली. कोण ऐकून राह्यलं होतं?

मंग काकू आली. कपाळाले हात लावला. "अवं माय! हाताले चटका बसून राहिला! सांगाचं नाही का, पोरी?"

घर सोडल्यापासून मले लागलेला तो पहिला हात. मी तो दोन्ही हातांनी धरला अन् हुंदके देऊन रडली. काकूनं माही वेणी घालून दिली, आपली शाल पांघरली, अन् रस्त्याभर म्हणत आली, "माह्या पोरीसारखीच हायेस तू." त्या हाताचा राग मले डॉक्टरच्या साबणापेक्षा जास्त आहे. कारण मले तो हात आवडला होता. अन् तो माह्यासाठी नव्हता, तिच्या मनातल्या कोण्या दुसऱ्याच पोरीसाठी होता.

थर्मामीटर बादलीत पडलं तशी काकू उठून उभी राह्यली. मी शाल काढून तिच्यापुढं धरली.

"राहू दे," ती मागं सरत म्हणाली. "शाल राहू दे तुलेच."

अन् गेली. एकटी, भराभर. मागं वळून पाह्यलं नाही.

डॉक्टर बोटानं दार दाखवून म्हणाला, "बाहेर ओट्यावर बस. कंपाउंडर औषध आणून देईल."

मी ओट्यावर जाऊन बसली. फरशी उन्हानं तापली होती. कंपाउंडर आला. म्हातारीची शिशी त्यानं उंबऱ्यावर ठेवली, तिनं ती सरकत जाऊन उचलली. मले म्हणाला, "हात कर." मी ओंजळ केली. त्यानं वरून कागदाची पुडी सोडली, बोट लागू नये अशी. माह्यासाठीही एक शिशी ठेवली. लाल औषध. कोणत्या तापाचं, कोणाले माहीत.

"मले काय मालूम माय, तू आतमधे कशी बसली हायेस ते," म्हातारी हळूच म्हणाली. "मी उगंच हाक मारली. माह्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं नाही, आजी."

"मी त सालोसाल इथंच बसतो." तिनं ओट्यावर हात फिरवला. मंग खोकली, दम खाल्ला, अन् आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माह्या पोराचं डोस्कं फुटलं गोटमारीत, आत्ताच. सावरगावकडून खेळे तो. नदीवर तंबूत यानंच टाके घातले. याच डॉक्टरनं. आपल्या हातानं रक्त पुसलं, डोस्कं मांडीवर घेऊन. म्या पाह्यलं ना. चांगला हाये तसा मानूस."

 चांगला आहे म्हणे! नदीवर रक्त चालते, इथं थुंकी चालत नाही. काहून? माणूस तोच, डोकं आमचंच. मंग काहून?

 मी उठली. शिशी घेतली, पुडी घेतली, अन् आत गेली. 

"डॉक्टरसाहेब, माहा ताप किती आहे?"

"औषध दिलं ना. जा."

"ताप न पाहता औषध कायचं दिलं?"

"दिमाग नको खाऊ. दुसरं थर्मामीटर नाही."

टेबलावर काचेच्या ग्लासात, पाण्यात बुडवून ठेवलेलं दुसरं थर्मामीटर मले दिसून राहिलं होतं. त्याच्या हाताजवळच.

"गोटमारीत या आजीच्या पोराले टाके घातले तुम्ही. रक्तात हात घातले. तेव्हा कोणाले जात विचारली होती?"

त्याले राग यायले पाह्यजे होता. नाही आला. त्यानं चष्मा काढला, पुसला, अन् सरळ सांगितलं, जसं काही मलेच समजत नव्हतं:

"तिथं साहेब लोक उभे होते."

बस. एवढंच.

तापातही ते मले लख्ख ऐकू आलं. म्हणजे त्याचा हात काही विटाळत नाही. कोणी समोर उभं असलं का त्याले सगळं येते. रक्त पुसता येते, डोकं मांडीवर घेता येते. आमच्यासाठी कोणी उभं नसते, म्हणून आम्ही ओट्यावर. एवढ्याशा गोष्टीसाठी आजीनं सालोसाल ऊन खाल्लं!

मी शिशी त्याच्या टेबलावर ठेवली. पुडीही ठेवली. शाल काढून स्टुलावर टाकली. अन् बाहेर येऊन, सगळ्या बायांना ऐकू जाईन अशी मोठ्यानं म्हणाली, "जयभीम आजी. चाला."

आजीनंच मले सरकारी दवाखान्यात नेलं. तिथंही कोणी गोड बोललं नाही. लाइनीत भिंतीले टेकून उभी राह्यली. नर्सनं बगलेत थर्मामीटर लावलं, पाह्यलं, हिवतापाच्या गोळ्या दिल्या. खोलीवर आली त ट्रंक व्हरांड्यात आणून ठेवली होती. काकूचं दार बंद. आतून भांड्यांचा आवाज येऊन राहिला होता. मी हाक नाही मारली.

ट्रंक घेऊन नदीपार सावरगावले आजीच्या घरी गेली. तसबीर ट्रंकेतून काढली. तिथं खिळा नव्हता, आजीच्या पोरानं दगडानं ठोकला. डोक्यावरचे टाके अजून ओले होते त्याचे. मी गावाकडे परत जावं असं आईले वाटे. मी नाही गेली. जाम नदीवरच्या पुलावरून रोज पायी कॉलेजले येत-जात राह्यली. एकटीच. कॉलेजात गोष्ट पसरली होती, पोरी बाक बदलत. बदलू द्या म्हणलं.

ताप उतरला. आजीचा खोकला नाही उतरला. मंग मी तिले घेऊन त्याच दवाखान्यात गेली. सरकारी नाही, तोच. आजी ओट्याकडे वळली, सवयीनं. मी तिचा हात धरला अन् आत नेऊन स्टुलावर बसवली.  मी तिच्यामागं, टेबलासमोर उभी राह्यली.

"बाहेर," डॉक्टर म्हणाला.

"नाही," मी म्हणाली. "आजीले खोकला आहे. नळी लावून छाती पाहा. थर्मामीटर लावा, अन् ताप किती आहे ते मोठ्यानं सांगा."

तो दाराकडे पाहत राह्यला. मले धाक देणारं कोणी येईन, असं वाटलं असन त्याले.

"इथं साहेब लोक नाहीत," मी म्हणाली. "पण मी उभी आहे."

त्या दिवशी त्यानं नळी लावली नाही. दवाखाना बंद करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तशी आजी पुन्हा आत जाऊन स्टुलावर बसली, अन् मी तिच्यामागं उभी राह्यली.