ट्रॅक्टरची आंघोळ

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवते. सासरी आले तेव्हापासून मी कोणाचं ऐकून घेतलं नाही, सासूचंही नाही. आमच्या गल्लीत भांडण लागलं की बाया मला बोलवायला यायच्या. एकाच गोष्टीत, जिथं बोलायला पाहिजे होतं तिथं, माझी वाचा बसली.

चांदूर बाजारच्या बाजूला आमची संत्र्याची बाग होती. माझ्या नवऱ्यानं एकेक झाड हातानं लावलेलं, थोरला पोटात होता त्या साली. संत्र्याला ताण द्यावा लागतो. म्हणजे हिवाळ्यात महिना-दीड महिना पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि नेमक्या दिवसांत पाणी सोडायचं. मग झाड फुलावर येतं. पाणी हुकलं तर फुलणं राहिलं बाजूला, झाडच वाळतं. त्या साली आम्ही ताण देऊन बसलो आणि इकडे विहिरीनं तळ दाखवला.

शेजारच्या गावात एकाच्या विहिरीला पाणी होतं. माणूस भला. म्हणाला, "सहाले माही लाइट येते. पहिला तास तुमचा, टँकर भरून न्या. सात वाजले का मंग माहा हरभरा." आता सहाला तिथं पोचायचं तर ट्रॅक्टर सुरू व्हायला पाहिजे ना? आमचं ते जुनं खटारं थंडीत उठायचं नावच घेत नसे. बॅटरी कण्हायची आणि गप व्हायची. चार माणसं बोलावून ढकलेपर्यंत सात वाजायचे. असे तीन दिवस गेले. हे बागेत जाऊन पानं चोळून पाहत आणि घरी येऊन जेवत नसत. मला त्या ट्रॅक्टरचा असा राग यायचा की वाटे, रॉकेल टाकून पेटवून द्यावा मेल्याला.

चौथ्या दिवशी यांनी चांदूरहून मिस्त्री आणला. म्हातारा मुसलमान माणूस, बापापासून इंजिनाचंच काम. त्यानं ट्रॅक्टरच्या अंगाला हात लावला आणि मला म्हणाला, "भाभी, इसको ठंड लगती है. याच्या पोटातलं पाणी गरम करून देऊ, मंग पाहा कसा उठते. घरात पाणी तापवाचा रॉड हाय का?"

होता. माझ्या माहेरचा. थंडीत तेवढंच एक सुख होतं मला. मी आणून दिला आणि म्हटलं, "घ्या, आता आंघोळी बी त्याच्याच होऊ द्या. आमी राहतो पारोसे." मिस्त्री हसला. इंजिनाच्या बाजूला पत्र्याची एक वाटी ठोकलेली असते, ती काढून त्या भोकात त्यानं रॉडची कॉइल वाकवून बसवली आणि लांब वायर ओसरीवरच्या बोर्डापर्यंत आणली. पहाटे साडेचारला पिन लावायची, साडेपाचला काढायची. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर एका सेल्फात सुरू झाला. गावात लोक दात काढायचे, "काहो, ट्रॅक्टरले आंघोळ घालून राहिले म्हणे?" हेही हसायचे. पुष्कळ दिवसांनी हसताना पाहिलं त्यांना.

रेडिएटर थोडा गळत होता. रात्रभर पाणी वाया जाऊ नये म्हणून हे संध्याकाळी सगळं पाणी डब्यात काढून ठेवत, पहाटे परत भरत आणि मग पिन लावत. मला हे ठाऊक नव्हतं. त्या वेळेला मी चुलीपाशी असायची.

अर्ध्या झाडांना पाणी मिळालं होतं, अर्धी राहिली होती, तेव्हा यांना ताप भरला. पहाटे उठायला लागले तर अंग भाजत होतं. मी म्हटलं, पडा घडीभर, पिन मी लावते, साडेपाचला उठवते. लावली. मला बरं वाटलं, की आज यांना तासभर झोप मिळाली. चहा ठेवला आणि जळका वास आला. धावत गेले, पिन उपसली, रेडिएटरचं झाकण उघडलं. आत थेंब नाही. लोखंडाला हात लावून पाहिला तर चटका बसला. मला काय सुचावं? रांजणातलं गारढोण पाणी बादलीभर आणलं आणि ओतलं.

आतून टक्कन आवाज आला. लहानसाच. मग ते पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर येऊन मातीत जिरायला लागलं.

हे चादर गुंडाळून दारात उभे होते. म्हणाले, "पाणी नव्हतं का भरलं?"

मी अंगावरच गेले. "भरा लागते म्हणून सांगतलं होतं का तुमी मले? तोंडाले का झालं होतं?"

ते बादलीकडे पाहत राहिले. म्हणाले, "नाही सांगतलं. माहीच चुकी झाली."

मिस्त्री आला, तापल्या लोखंडाला गेलेल्या चिरेवरून बोट फिरवलं, विचारलं, हे कसं झालं? हे म्हणाले, "म्याच भरलं नाही पाणी. तापात ध्यानच नाही राहिलं." मी चहा घेऊन बाजूलाच उभी होते. मिस्त्रीनं दोनदा वेल्डिंग मारलं आणि दोन्हीदा चीर उघडली. दुसरा ट्रॅक्टर कुठून मिळणार? होते नव्हते ते सगळे गावांना प्यायचं पाणी पुरवत होते. आम्ही बैलगाडीवर ड्रम नेले. ड्रमानं बाग भिजते होय? अर्धी बाग उभ्याउभी वाळली. उरलेली पुढच्या साली पाण्यावाचूनच गेली. मशीन लावून झाडं कापली त्या दिवशी हे बांधावर बसून होते. मी भाकर नेली, ती तशीच परत आणली.

मग आम्ही अमरावतीला खोली केली. नांदगाव पेठेत कापडाच्या एका कंपनीत हे वॉचमन लागले. लोक भेटले की विचारत, बाग कशी गेली हो? हे दर वेळी तेच सांगायचे, पाणी भरायचं मीच विसरलो. त्यांनी इतक्यांदा सांगितलं की गावात तेच खरं झालं. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, आज रात्री यांना म्हणू, चूक तुमची नव्हती. घरी आलं की भाजीत मीठ कमी का, यावरून त्यांच्याशीच भांडायची.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेरवीला गावच्या घरी माणसं जेवून ओसरीवर बसली होती. दिराचा आवाज आला, "माणूस देवासारखा होता. पण एका सकाळी पाणी भराले विसरला अन् सारी बाग घालवली बुवानं." बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी दाराच्या आतच बसले होते. तोंड उघडलं. मग पदर ओढून घेतला आणि उठून सगळ्यांना सुपारी दिली.