घरधन्याचा अभ्यास

ठमीने आयुष्यात उपवास मोडला नव्हता. स्वतःचा तर नाहीच, दुसऱ्याचाही नाही. सासू बायजा तापाने फणफणली तेव्हा तिचा सोमवार ठमीने धरला. नवरा धर्मा दिवसभर मिठागरात राबायचा, म्हणून त्याची चतुर्थीही तीच धरायची. उरणकडच्या त्या आगरी घरात कुणाला त्याचं नवल नव्हतं. एकाने धरायचं, दुसऱ्याला पावायचं.

एकोणीसशे सत्तावन-अठ्ठावनच्या सुमाराला धर्माला आवाज ऐकू यायला लागले. बांधावर माणसं बोलत उभी दिसली की कानात कुणीतरी सांगायचं, तुलाच हसतायत, तुझाच काटा काढायचं ठरतंय. एके दुपारी तो फावडं उगारून रावजीवर धावला. रावजी त्याच्या जोडीला मीठ ओढणारा, लहानपणापासूनचा सोबती. रावजी थोडक्यात वाचला आणि धर्माला खाडीपलीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तिथून तो आला तो निम्मा होऊन. भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेव म्हटलं तर जेवायचा, नाही म्हटलं तर नाही.

"परत धाड त्याला," बायजा म्हणायची. तिचं बोलणं म्हणजे खलबत्त्यातली मिरची. "मना काय आनंद हाय? पोटचा हाय माजा. पन उद्या कुनाचा जीव घेतला मंग? तू भरून देशील व्हय गो?"

ठमी ऐकून घ्यायची. परत गेला तर हा माणूस आपल्याला पुन्हा दिसायचा नाही, एवढंच तिच्या मनाने घेतलं होतं.

महिन्यातून एकदा मुंबईहून लाँचने मोऱ्याच्या बंदरात उतरून एक पारशी डॉक्टर धर्मार्थ दवाखान्यात यायचे. तारापोर त्यांचं नाव. मराठी बोलायचे ते असं, की शब्द सगळे खरे आणि चाल सगळी उलटी.

"हे बघ धर्मा, गोळी तर खायचाच. पण गोळी सगळा काम नाय करते. तुला घरी अभ्यास देते मी. रोज बांधावर जायचा. एका माणसाला एक गोष्ट विचारायचा. कानातला आवाज काय बोलते, ते ध्यानात ठेवायचा. मग माणूस खरा काय बोलला, ते पण. दोन्ही मला सांगायचा." मग ठमीकडे वळून हळू म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघू, बाई. नाय सुधारला, तर इस्पितळाची चिठ्ठी द्यावी लागेल."

पहिल्या दिवशी धर्मा अंगणापर्यंत गेला आणि मागे फिरला. "आज नको गो."

मग ठमी गेली. दुसऱ्या दिवशीही तीच गेली. रोज बांधावर उभी राहून रावजीला विचारायची, मीठ कसं पडतंय?

"अगो ठमे, कालच सांगितला ना तुला!" रावजी वैतागला. "मीठ हाय ता. वासरू हाय का, काल बसला नि आज उठून चालला?"

तिने तेही पाठ केलं.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा तिने रावजीचं उत्तर त्याच्याच सुरात म्हणून दाखवलं. डॉक्टर खळखळून हसले. मग धर्माकडे पाहून थांबले. "आणि तेव्हा तुझा आवाज काय बोलला?"

धर्माने ठमीकडे पाहिलं.

"तो कसा सांगेल?" ठमी म्हणाली. "त्याला बरं नव्हतं, मी जात व्हते. येक दिस मोडला न्हाय, डॉक्टर!"

तिच्या तोंडावर चोरी नव्हती, उलट मान ताठ होती. डॉक्टरांनी विचारलं, "त्याचा गोळी तू खाल्ला, तर झोप कुणाला येईल?"

ठमीची मान हळूहळू खाली गेली.

"आता तुला पण अभ्यास. तो गेला तर चांगला. नाय गेला, तरी तू जायचा नाय. घरी विचारायचा नाय. आणि इथे मी त्याला विचारला, की तू तोंड उघडायचा नाय."

"आनि तो गेलाच न्हाय तर?"

"तर मला खरा समजेल. खोट्यावर इलाज कसा करू?"

असा कठीण उपवास ठमीने कधी धरला नव्हता. धर्मा भिंतीकडे बघत बसायचा आणि बांधाकडे निघालेले पाय ती चुलीपाशी मुडपून ठेवायची. शिमगा जवळ आला. कधी कधी धर्मा उठून बाहेर जायचा. कुठे, कशाला, तिने विचारलं नाही. बायजा रोज टोचायची, "इचार की! जीभ झडली व्हय?"

शिमगा झाला. तिघं दवाखान्यात जाऊन बसली. डॉक्टरांनी विचारलं, "धर्मा, कुणाशी बोलला?"

धर्मा खिडकीकडे बघत राहिला. डॉक्टरांचा हात इस्पितळाच्या चिठ्ठीच्या कागदावर होता. बायजाने ठमीला कोपराने ढोसलं. ठमीने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे मिटले.

"रावजीला इचारला," धर्माचा आवाज घोगरा होता. "भरती कवा म्हनून. आवाज बोलला, हा तुला आता पान्यात लोटनार. रावजी बोललाच न्हाय. गाल धरून उबा व्हता."

"मग?"

"मंग बोलला, दाढ ठनकतेय रं, तुजी भरती ऱ्हाऊ दे." धर्मा थांबला. "मी घरातली लवंग नेऊन दिली."

"तरीच डब्यातली लवंग सरली!" बायजा ओरडली. "नि मी या पोरीला चोर म्हनत व्हते!"

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. "आवाज अजून येते?"

"येतंय."

"येऊ दे. पुढचा अभ्यास घे. रावजीचा दाढ कसा आहे, रोज विचारून यायचा."

ठमीने तोंडातला पदर काढला, पण बोलली नाही.