दारात पोचवायला येणारे दाजी

आमच्या दाजींइतका सज्जन माणूस अख्ख्या शिंदखेडे तालुक्यात शोधून सापडला नसता, आणि तितका ताप देणाराही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गावच्या मराठी शाळेचे हेडमास्तर. मी त्याच गावच्या कापसाच्या जिनिंगात कारकून होतो आणि दोन्ही वेळा अक्काकडेच जेवत होतो, त्यामुळे दाजींनी तोंड उघडून जे काही सांडायचं ते भरून घेण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. दाजी कधी कुणाची निंदा करत नसत, आपण होऊन तर वाईट अक्षर काढत नसत. पंचाईत एवढीच, की कुणी काही विचारलं तर त्याला खरंच उत्तर हवं आहे असं ते धरून चालत. लग्नाच्या पंगतीत नवरीच्या बापाने वाकून विचारलं, "मास्तर, बट्टी कशी शे?" कोणीही शहाणा माणूस "झकास" म्हणून पुढचा घास घेईल. दाजींनी बट्टी फोडली, आत बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "आतून कच्ची आहे." त्या घराची अब्रू राखायला मी चार बट्ट्या खाल्ल्या आणि दोन दिवस अंथरुणाला खिळलो. एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला सगळे "माणूस देव होता" म्हणत होते. मुलाने रडत रडत दाजींकडे पाहून विचारलं, "होता ना मास्तर?" दाजी हळूच म्हणाले, "शेजाऱ्याचा बांध कोरायचा. पण पोरांवर जीव होता." घरी आल्यावर मी डोक्याला हात लावला, तर मलाच विचारतात, "मग त्यानं विचारलं कशाला?"

हे सगळं एक वेळ चाललं असतं, पण दाजींनी एक रीत पाडून ठेवली होती. पाटीपूजनाच्या दिवशी ते प्रत्येक पोराला त्याच्या दारातून हात धरून शाळेत आणत. मराठी चौथीचा निकाल लागला, की शाळा सोडणाऱ्या प्रत्येक पोराला तसाच हात धरून त्याच्या दारात पोचवायला जात. "शेजारणीचं भांडं उसनं आणलं तर घासूनपुसून परत करतो ना आपण? मग पोर आणलं ते तसंच वाऱ्यावर सोडायचं?" असं त्यांचं म्हणणं. म्हणणं लाखाचं, पण भांड्याला पोचा पडला असेल तर तोही दाजी दाखवून यायचे. वैशाखाच्या रणरणत्या उन्हात घरोघर ओटे सारवून लोक वाट पाहत. चहा होई, शेव-मुरमुरे होत, आणि मग आईबाप तो प्रश्न विचारत, "मास्तर, पोर्‍या कसा शे?" हा प्रश्न नव्हेच. "बरं आहे ना?" म्हणतो तसलाच तो. त्याला "गुणी आहे" म्हणायचं आणि पायात वहाणा घालायच्या, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अक्काने यावर तोड काढली. मी त्यांच्याबरोबर जायचं, आणि दाजी खऱ्याच्या जवळ पोचले की खोकायचं. पहिल्याच वर्षी एका कापूसवाल्या आबांच्या ओट्यावर प्रसंग आला. दाजी म्हणाले, "आबा, पोरगा मनाचा मोकळा आहे," आणि मी हुश्श केलं. पण त्यांनी "पण" म्हटल्याबरोबर मी खोकू लागलो. "पण चार वर्षं त्याचं सगळं लक्ष खिडकीबाहेरच्या बैलांकडे होतं," दाजींनी पुरं केलं. मी आणखी जोरात खोकलो, तशी आबांची बायको धावत आत गेली आणि सुंठ-गूळ घेऊन आली. दाजी तिला म्हणाले, "वहिनी, त्याला काही झालेलं नाही. मी खरं बोलू लागलो की खोकायचं, असं त्याच्या बहिणीनं सांगून पाठवलंय." ती सुंठ मी तिथेच मुकाट्याने चघळली. पुढे कापडवाल्या मारवाडी शेठजींकडे. त्यांनी हसत हसत विचारलं, "हुशार आहे ना आमचा छोकरा, मास्तरजी?" दाजी म्हणाले, "नाही. पण शेजारच्या पाटीवरून उतरवून घेण्यात त्याच्यासारखी सफाई कुणात नाही." दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन शेठजींना "व्यापाऱ्याला अशी नजर हवीच" वगैरे सांगून आलो. दरसाल वैशाखभर माझा हाच धंदा. दाजी पुढून फाडत जायचे आणि मी मागून शिवत जायचो.

मग त्यांची स्वतःचीच लेक सुमन चौथीला आली, आणि हे प्रकरण आमच्या उंबऱ्यावर आलं. तिला पुढे शिकवायचं तर धुळ्याला, आमच्या मावशीकडे ठेवायला हवं होतं. दाजींच्या आईचा, म्हणजे मायचा, याला विरोध. घरात मायचा शब्द शेवटचा, आणि मायने साफ सांगितलं होतं, की पोर हुशार असेल तरच जाईल, नाहीतर घरी बसून चूल शिकेल. आणि हुशार आहे की नाही ते दुसऱ्या कुणी नाही, दाजींनी सांगायचं. गावात खरं बोलणारा एकच माणूस आहे आणि तो आपला लेक आहे, याचा मायला भारी अभिमान.

अक्का रडकुंडीला आली. "एकदा, फक्त एकदा हुशार म्हणा. जीभ झडणार आहे का?" दाजी अर्ध्या भाकरीवरून उठले. मी त्यांच्या मागे ओट्यावर गेलो आणि मनातलं सगळं बोललो. इतकी वर्षं गावाचा छळ केलात तो पुरे, आता लेकीला तरी सोडा म्हणालो. ते ओट्याच्या कडेला बसले. मग म्हणाले, "हुशार नाही रे ती. मी हुशार म्हणायचं, आणि तिकडे वर्गात बसल्यावर तिला कळायचं, की बापानं आपल्याला फसवलं. मग ती कुणाचं खरं मानेल?" मी चिडून आत गेलो. शेवटी अक्काने ठरवलं, की निकालाच्या दिवशी घरात कुणी काही विचारायचंच नाही.

त्या दिवशी दाजींनी गावची सगळी पोरं पोचवली आणि सर्वांत शेवटी सुमनचा हात धरून स्वतःच्याच दाराबाहेर उभे राहिले. "कोणी आहे का घरात?" म्हणून हाक मारली. अक्का दात-ओठ खात बाहेर आली आणि एका दमात पाणी, चहा, ऊन, डास सगळ्यांविषयी बोलली. माय सुपात तूर निवडत बसली होती. तिने मान वर न करता लेकाला विचारलं, "भाऊ, पोर कशी शे?"

मी खोकलो. आयुष्यात इतका जीव ओतून मी कधी खोकलो नसेन. सुमन एका पायावर दुसरा पाय ठेवून खाली बघत होती.

"माय, हुशार नाही. मध्यम आहे," दाजी म्हणाले. अक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं. "वाचते बरी. अपूर्णांक आले की रडते." दाजींना बोलताना अडखळलेलं मी तेव्हाच पाहिलं. "अपूर्णांक मीच शिकवले. आपलीच म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिचा हात वर असायचा, मी दुसऱ्याला विचारायचो. लोकांनी म्हणू नये, की मास्तर आपल्या पोरीला पुढे काढतो. पोर आणली तेव्हा चांगली होती, माय. पोचा माझ्या हातचा आहे."

सुमन आता मान वर करून बापाकडे पाहत होती. मायने सूप एकदा पाखडलं, खडा वेचून बाहेर टाकला आणि म्हणाली, "मंग आठे कसाले ठेवस? तुना हातमा बिगडनं, ते दुसराना हातमा दे. धाड तिले धुयाले."

अक्का पदराने डोळे पुसत आत पळाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो माझ्यासाठी. मी अजून खोकतच होतो.

सुमन धुळ्याला गेली. पहिली कधी आली नाही, पण रडायची मात्र थांबली. दाजी काही गोड बोलायला शिकले नाहीत. फक्त पुढच्या वर्षापासून दारोदार पोचा दाखवून झाला की खाली बघून म्हणायचे, "यात थोडं माझंही आहे." त्यामुळे लोकांना धड रागावताही येईना, आणि मला शिवायला काही उरेना.

दाजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शाळेत नवे हेडमास्तर आहेत, फार गोड माणूस. निकालाच्या दिवशी सगळ्या पोरांना ओळीने बसवून पेढा देतात, सगळ्यांना हुशार म्हणतात आणि फाटकातूनच निरोप देतात. कुणाचं मन मोडत नाही. वैशाखात दुपारी ओट्यावर बसलं, की शाळेतून सुटलेली पोरं एकटीच आपापल्या घरी जाताना दिसतात, आणि माझा घसा उगीचच खवखवू लागतो.